एका जिताड्याची किंमत किती?

दाभोळच्या खाडीतल्या चार किलोच्या जिताड्याची किंमत कुठल्याही मच्छीवालीला विचारा. टोपलीतून मान वर न काढता ती सांगेल. समजा भाव किलोला ६०० रुपये आहे, तर २४००, आणि घासाघीस केलीत तर थोडं खाली. आता असं धरा, की तोच जिताडा पुण्याहून रॉड घेऊन आलेल्या एका हौशी माणसाच्या गळाला लागला आणि त्याने फोटो काढून तो परत पाण्यात सोडला. मासा लिलावात आला नाही, कुणाच्या ताटातही पडला नाही. तरीही त्याच्यापायी एका होडीवाल्याला भाडं मिळालं, कुणाच्या तरी पडवीत चौघं जेवले, दोन रात्री एक खोली भरली. मग त्या जिताड्याची किंमत शून्य, २४००, की आणखी काही?

याला एक उत्तर नाही, तीन आहेत: आलेल्याने किती खर्च केला, त्यातलं गावात किती राहिलं, आणि त्याला मिळालेल्या आनंदाचं मोल काय. तिन्ही आकडे खरे असतात, पण ते एकमेकांच्या जागी वापरले की घोळ होतो. किनाऱ्यावरच्या पर्यटनाबद्दल जे फुगीर दावे आपण ऐकतो, ते बहुतेक पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी ठेवून केलेले असतात.

गरवणं हे कोकणाला काही नवं नाही. मे महिन्यात किंवा गणपतीला घरी आलेला चाकरमानी संध्याकाळी गरी घेऊन खडपावर जाऊन बसतोच. मुडदुशी मिळाली, एखादी काळुंदर मिळाली, नाहीतर रिकाम्या हाताने परत. त्याला कुणी पर्यटक म्हणत नाही, तो स्वतःही म्हणणार नाही. नवी आहे ती दुसरी मंडळी. महागडी रॉड आणि रीळ, माशाच्या आकाराची कृत्रिम आमिषं, पाच-सहा जणांचा गट, शुक्रवारी रात्री निघून रविवारी परतणारी गाडी. बाणकोटपासून देवबागपर्यंत, जिथे नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी हे लोक दिसतात. त्यांना हवे असतात जिताडा, तांबोशी, हेकरू असे झुंजणारे मासे. खायला मिळाले तर ठीक, पण त्यासाठी एवढं अंतर कापून कुणी येत नाही.

जागतिक बँकेच्या २०१२ च्या एका अहवालात जगभरातल्या हौशी मासेमारांची संख्या सुमारे २२ कोटी आणि त्यांचा वर्षाचा खर्च सुमारे १९० अब्ज डॉलर असा अंदाज दिला होता. परिषदेतल्या भाषणाला हा आकडा छान आहे. देवगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. वाडीचा हिशेब वाडीतच करावा लागतो.

तो करून पाहू. खालचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. चौघांचा गट दोन रात्रींसाठी आला. एकूण खर्च ३०,००० रुपये. त्यातले ८,००० आमिषं, दोरा, एक नवीन रीळ यांवर, तेही ऑनलाइन मागवून. ७,००० डिझेल, टोल आणि वाटेतल्या ढाब्यावर. ८,००० राहण्या-जेवणाचे, ६,००० होडी आणि तांडेलाचे (होडी चालवणाऱ्याचे), १,००० चहा, बर्फ, कोकम, काजूगर असल्या किरकोळ खरेदीचे. कुणी म्हणेल, गावाला ३०,००० मिळाले. नाही. पहिले १५,००० गावात आलेच नाहीत.

उरलेल्या १५,००० चंही तसंच. राहण्या-जेवणाच्या ८,००० मधून घरमालकिणीने तालुक्याच्या बाजारातून किराणा, कोंबडी आणि गॅस आणला, त्यात ३,५०० गेले. होडीवाल्याच्या ६,००० मधले ३,००० डिझेल आणि इंजिनाच्या सुट्या भागांचे. किरकोळ खरेदीतले ४०० बाहेरच्या मालाचे. म्हणजे गावातल्या माणसांच्या हातात खरं उत्पन्न म्हणून पडले ४,५०० अधिक ३,००० अधिक ६००, एकूण ८,१००. तीस हजारांतले आठ हजार शंभर, रुपयामागे २७ पैसे. बाहेर गेलेल्या पैशाला अर्थशास्त्रात गळती म्हणतात. खाजणाच्या उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाळं लावणारा माणूस भरती केवढी आली हे मोजत बसत नाही, ओहोटी लागल्यावर जाळ्यात काय राहिलं ते बघतो. इथेही तसंच.

हाती राहिलेले ८,१०० तिथेच थांबत नाहीत. घरमालकीण त्यातून शेजारच्या बाईला भांडी घासायचे पैसे देते, तांडेल वाडीतल्या सुताराकडून होडीची फळी बदलून घेतो, सुतार कोपऱ्यावरच्या दुकानातून तांदूळ नेतो. आलेला रुपया असा गावातच फिरून शेवटी किती पट होतो, तो आकडा म्हणजे गुणक. रिचर्ड कान या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९३१ मध्ये रोजगाराच्या संदर्भात ही कल्पना मांडली आणि पुढे केन्सने तिचा मोठा वापर केला. आपल्या वाडीत प्रत्येक रुपयातले ३० पैसे पुन्हा वाडीतच खर्च होतात असं धरलं, तर ८,१०० वर २,४३०, त्यावर ७२९, असं होत होत बेरीज सुमारे ११,६०० वर थांबते. म्हणजे गुणक १.४ च्या आसपास. मुंबईसारख्या शहरात तो जास्त येतो, कारण तिथे जवळजवळ सगळं शहरातच विकत मिळतं. लहान गावाला गुणक लहानच असतो. म्हणून कुणी एका गावाबद्दल “पर्यटकाच्या एका रुपयाचे चार होतात” असं सांगू लागला, तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: गुणक कशाला लावला, पूर्ण खर्चाला की गावात राहिलेल्या उत्पन्नाला? आणि चार रुपये होतात ते गावात की राज्यात?

या हिशेबातली मला सगळ्यात कामाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तेच ८,१०० ठेवा, फक्त वाडीत पुन्हा खर्च होणारे ३० पैसे ५० करा. बेरीज १६,२०० होते. पाहुणा एकही वाढला नाही, खाडीवर एकाही जास्त गळाचा भार पडला नाही, तरी गावाचं उत्पन्न साडेचार हजारांनी वाढलं. आणि हे करायला काय लागतं? तांदूळ गावातल्या शेताचा, मासळी गावातल्याच होडीवरची, सोलकढी घरच्या आमसुलांची, होडीची डागडुजी गावातल्या माणसाकडून. ब्रॉयलर कोंबडीऐवजी सकाळी आलेले बांगडे वाढले, तर पहिल्या फेरीतली गळतीही कमी होते. पर्यटन वाढवा म्हणणाऱ्या योजना गाड्यांची संख्या मोजतात. घरमालकीण तालुक्याच्या बाजारातून काय काय आणते याची यादी कुणी करत नाही.

उलटंही होतं. खोली मुंबईच्या मालकाच्या रिसॉर्टची, स्पीडबोट त्याचीच, चालवणारा पगारी, जेवण फ्रीझरमधलं. खर्च तोच ३०,०००, कदाचित जास्तच. गावात राहिला तो दोन पोरांचा पगार. म्हणून न्याहरी-निवास धाटणीच्या घरगुती मुक्कामाला मी रिसॉर्टपेक्षा वरचा नंबर देतो, आणि त्यात भावनेपेक्षा बेरीज-वजाबाकी जास्त आहे.

आता वजाबाक्या, ज्या सहसा कुणी करत नाही. हरिहरेश्वरला देवदर्शनाला आलेल्या कुटुंबाने अर्धा दिवस होडी घेऊन गळ टाकला, तर त्यांचा अख्खा प्रवास मासेमारीच्या खात्यावर मांडता येत नाही. ते तसेही येणारच होते. मांडायचं ते फक्त त्या अर्ध्या दिवसाचं. गणपतीला आलेला चाकरमानी तर गळासाठी आलाच नव्हता. दुसरी वजाबाकी तांडेलाची: पाहुण्यांना नेलं त्या दिवशी त्याचं जाळं घरी राहिलं. एरवी जाळ्याला जे लागलं असतं, त्याची किंमत भाड्यातून वजा व्हायला हवी. मासळी पडलेली नसेल अशा दिवसांत ती वजाबाकी जवळजवळ शून्य, आणि बांगड्याच्या ऐन दिवसांत कदाचित भाड्यापेक्षा मोठी.

इथे एक समज दूर केलेला बरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा हौशी मासेमारीने ती दोन महिन्यांची पोकळी भरून निघेल, असं काही जणांना वाटतं. नाही भरणार. बंदी असते तेव्हाच समुद्र खवळलेला असतो, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि शेवाळलेल्या खडपावर उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. पाहुण्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मे, म्हणजे जाळ्याचाही तोच. दोन धंदे एकमेकांच्या सुट्टीत बसत नाहीत, एकमेकांच्या शेजारी बसतात, आणि कधी एकमेकांच्या पायावर पायही देतात.

तिसरं उत्तर आनंदाच्या मोलाचं, आणि ते सगळ्यात चमत्कारिक. जिताडा सोडून देणाऱ्याला जे मिळालं, त्याचं तिकीट कुठे फाडलेलं नाही. मग मोजायचं कसं? १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला अशीच अडचण होती: जिथे प्रवेश जवळजवळ फुकट आहे, त्या जागेची किंमत काय सांगायची? हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थतज्ज्ञाने पत्राने एक युक्ती कळवली. तिकीट नसलं तरी माणूस तिथवर यायला खर्च करतोच, तोच तिकीट समजा. उद्यानाभोवती अंतराची वर्तुळं आखा, कुठल्या वर्तुळातून दर हजारी किती लोक येतात ते पाहा. पुढे मॅरिअन क्लॉसन वगैरेंनी ही पद्धत प्रत्यक्ष वापरात आणली.

देवगडला लावून पाहा. कोल्हापूरहून येणं स्वस्त, म्हणून तिथले हौशी लोक वर्षातून चारदा येतात असं धरा. पुण्याहून दोनदा, मुंबईहून एकदा. मुंबईकर एका खेपेला जेवढा खर्च सोसतो, तेवढा कोल्हापूरकरानेही निदान एका खेपेला सोसला असता. प्रत्यक्षात त्याचं काम कमी पैशात झालं. तो सोसायला तयार होता ते आणि त्याने खरंच दिलं ते, यांतल्या फरकाला आपल्या पाठ्यपुस्तकांत उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणतात. सगळ्यांचं मिळून ते बऱ्यापैकी मोठं येऊ शकतं.

पण हा पैसा गावात येत नाही. तो कुणाच्याच खिशात जात नाही. ते पाहुण्याचं समाधान आहे, रुपयांत मोजलेलं. मग मोजायचं कशाला? कारण खाडी बिघडली तर नुकसान त्याचंही होतं. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी किती जुन्या आहेत ते रत्नागिरी जिल्ह्यात कुणालाही विचारा. अशा वेळी कागदावर कारखान्याच्या बाजूला उत्पन्न, रोजगार, कर असे आकडे असतात. खाडीच्या बाजूला लिलावात आलेली मासळी तेवढी असते, आणि तीही धड नोंदलेली नसते. घरी खाल्लेली कालवं, मुळे, गरवलेली काळुंदर, पाहुण्याचा आनंद, यातलं काहीच नोंदलं जात नसल्यामुळे ते शून्य धरलं जातं.

सोडलेल्या माशाकडे परत येऊ, कारण गावात यावरून हसू होतं. लागलेला मासा सोडायचा? वेड लागलंय का? जिताड्याच्या बाबतीत मात्र त्या वेडाला एक हिशेब आहे. जिताडा जन्माने बहुधा नर असतो. काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे ज्या थोराड माशाबरोबर सगळ्यांना फोटो हवा असतो, ती बहुतेक अंड्यांची मादी असते. ती खाडीत राहिली तर पुढच्या हंगामाची पिल्लं, आणि कदाचित पुढच्या पाहुण्यांची पुढची खेप. बाजारात ती एकदाच २४०० देते. हेकरूचं उलटं, तो आधी मादी आणि मग नर. तिथे मोठे सगळे उचलले तर नरांचाच तुटवडा पडतो. हेकरूला खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलं तर त्याचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतो, आणि सोडला तरी तो पोट वर करून तरंगत राहतो. अशा माशाला “सोडला” म्हणणं ही फसवणूक आहे. उथळ खाडीतला जिताडा, ओल्या हातांनी धरलेला, काट्याशिवायच्या गळाने पकडलेला आणि लगेच पाण्यात गेलेला, सहसा जगतो. नुसत्या मौजेसाठी माशाच्या तोंडात गळ रुतवायचाच कशाला, हा आक्षेप तरीही उरतो. तो मला खोटा वाटत नाही, पण त्याचं उत्तर अर्थशास्त्राकडे नाही.

कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोर इथे महसीर पकडून सोडण्याची शिबिरं बरीच वर्षं चालली. पूर्वी चोरून मासे मारणारे काही स्थानिक लोक तिथे वाटाडे म्हणून कामाला लागले होते. पुढे, २०१० च्या सुमारास, अभयारण्याच्या हद्दीतली ही मासेमारी वन्यजीव कायद्याच्या अडचणीमुळे थांबली आणि त्यांचं उत्पन्नही थांबलं. आपल्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्या पाण्यात हौशी मासेमारीवर धंदा उभारू पाहणाऱ्याने आधी नियम वाचावेत, होडी नंतर घ्यावी. होडीचंही तेच. मासेमारीसाठी नोंदलेली नौका ही प्रवासी नेणारी नौका नव्हे. त्यासाठी सागरी मंडळाचा परवाना, जीवरक्षक जाकिटं, विमा हे सगळं लागतं. हा खर्च वरच्या हिशेबात मी धरलेला नाही. तांडेलाचे ३,००० त्यामुळे आणखी खाली येतात.

कुणाचे पैसे वाढतात आणि कुणाचे कमी होतात, हेही पाहायला हवं. जाळ्यातली मासळी किनाऱ्यावर आली की तिच्यावर मच्छीवालीचं घर चालतं. पाण्यात सोडलेला मासा तिच्या टोपलीत येत नाही. घरगुती मुक्काम बायकांच्या हातात असेल तर पैसा बायकांकडे येतो खरा, पण त्या बहुधा दुसऱ्या बायका असतात: ज्यांच्याकडे पक्कं घर, जादा खोली, वेगळा संडास आहे त्या. वेंगुर्ल्यातल्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने स्वतः होड्या वल्हवत कांदळवनाची सफर सुरू केली, तिथे खोलीची अट नव्हती, म्हणून ते उदाहरण मला जास्त आवडतं.

आणि एक धोका, जो आकडे मोठे दाखवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९९४ मध्ये किनाऱ्याजवळच्या पाण्यात अडकवणाऱ्या जाळ्यांवर बंदी घालण्यासाठी मतदान झालं. ती मागणी हौशी मासेमारांच्या संघटनांनी लावून धरली होती. मासे वाचवण्याचा मुद्दा होताच, शिवाय हौशी मासेमारीतून राज्याला मिळणारा पैसा जाळ्यांच्या मासळीपेक्षा कितीतरी जास्त आहे, हाही युक्तिवाद होता. ठराव मोठ्या मताधिक्याने मंजूर झाला, १९९५ च्या जुलैपासून बंदी आली, आणि राज्याला मच्छीमारांची जाळी विकत घ्यावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या जाळं ओढणाऱ्या कुटुंबांचा धंदा एका मतदानात गेला. रॉडवाला आपल्याकडे आज पाहुणा आहे. उद्या त्याच्या संघटना झाल्या, रिसॉर्टवाले बरोबर आले, आणि “या खाडीत जाळं नको, त्यापेक्षा गळाचं उत्पन्न जास्त” असा अहवाल कुणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवला, तर त्यातला आकडा कुठला असेल? पहिला, ३०,००० वाला. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांकडे आणि खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्या म्हाताऱ्यांकडे दाखवायला कुठलाच आकडा नसेल. आपल्या किनाऱ्यावर मासळी घटल्याची ओरड आहे ती पर्ससीन (माशांच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं) आणि एलईडीच्या झोतात होणाऱ्या मासेमारीबद्दल. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडीवर बंदी आणली, आणि अंमलबजावणीवरून भांडणं अजून चालू आहेत. त्या भांडणात खाडीतला पागवाला विनाकारण चिरडला जाऊ नये.

अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका कायद्याचा हेवा मात्र वाटतो. १९५० पासून तिथे रॉड, रीळ, आमिषं यांवरच्या कराचा पैसा राज्यांना माशांच्या संवर्धनासाठी दिला जातो. आपल्याकडे रॉडवरचा कर सरकारच्या एकूण तिजोरीत जमा होतो. खडपांवर अडकून राहिलेले नायलॉनच्या दोऱ्याचे गुंते आणि बिअरचे कॅन उचलायचा खर्च ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो. तीही एक वजाबाकी.

हे सगळं खरं मोजायचं तर मोठी संस्था लागत नाही. मच्छीमार सोसायटीने धक्क्यावर एक वही ठेवावी, एक हंगाम. पाहुणा कुठून आला, किती रात्री राहिला, मासेमारी नसती तर आला असता का, पैसे कुणाकुणाला दिले, कुठला मासा किती लांबीचा लागला, ठेवला की सोडला. त्यात तांडेलासाठी एक रकाना हवाच: आज जाळं टाकलं असतं का, आणि शेजाऱ्याच्या जाळ्याला काय लागलं. पाच-सहा महिन्यांत त्या वहीतून निघणारा आकडा ३०,००० च्या मानाने बारका असेल, पण सोसायटीच्या सभेत कुणी प्रश्न विचारले तर त्यातली प्रत्येक ओळ दाखवता येईल. आणि कलेक्टर कचेरीत दुसऱ्या कुणाचा अहवाल आधी पोचलाच, तर शेजारी ठेवायला वही असेल.